कुरु ना

बाबा जपानला आले ते माझ्यावर उपकार करायला, हे त्यांनी नागोयाच्या विमानतळावरच स्पष्ट केलं. ट्रॉली ढकलत बाहेर आले, कोइचीने कमरेत वाकून नमस्कार केला, तर त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत मला म्हणाले, "माधवने तिकीट काढून टाकलं. नाहीतर माझा काही विचार नव्हता." आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासरा-जावयाची ही पहिली भेट होती. कोइचीला मराठी कळत नाही, ते एक बरं.

माधव माझा धाकटा भाऊ. त्याला येत्या ऑक्टोबरपासून मस्कतला नोकरी लागली होती. आई जानेवारीत गेली. म्हणजे आता बाबा साताऱ्याच्या घरात एकटे राहणार, नाहीतर माझ्याकडे. तिसरी गोष्ट वृद्धाश्रमाची, आणि तो शब्द त्यांच्यासमोर काढायची माधवची छाती नव्हती. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. मुदतवाढीचे कागद कोइचीने ते आले त्याच आठवड्यात भरून ठेवले, हमीदार म्हणून स्वतःचा शिक्काही मारला. बाबांची सही तेवढी राहिली होती. "ऑगस्टअखेर सांगतो," बाबा म्हणाले, आणि कागद बाजूला सारला.

मी त्यांना कसं बोलावलं होतं तेही सांगते. फोनवर मी म्हणाले होते, "राहायचं असेल तर राहा. खोली रिकामीच आहे." नऊ वर्षांत ज्यांनी माझ्या एका पत्राला उत्तर दिलं नाही, आई चोरून लिहायची त्या पत्रांतही ज्यांच्याबद्दल 'हे बरे आहेत' एवढंच असायचं, त्यांना मी आणखी काय म्हणणार होते? मला ते हवे होते का? हवे होते. फक्त मी हरले असं दिसायला नको होतं.

आमचं घर नागोयापासून गाडीने तासाभरावर, भातखाचरांच्या मधोमध. चौऱ्याण्णवचा तो उन्हाळा असा पेटला होता की टीव्हीवर रोज आटलेल्या धरणांचे तळ दाखवायचे. सकाळी सहालाच सिकाडा किडे किर्र करायला लागत. बाबांनी चाळीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, आणि चाळीस वर्षं पहाटे चार मैल चालले. इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशीच पांढरा सदरा, पायजमा, कॅनव्हासचे बूट आणि काळी छत्री असे ते निघाले. शेतातल्या रस्त्यांना ते पांदण म्हणत. डांबरी पांदण, दोन्ही बाजूंना सिमेंटचे पाट, मधेच कुठेतरी भर शेतात कोल्डड्रिंकचं मशीन. "चिटपाखरू नाही रस्त्यावर," पहिल्या दिवशी परत येऊन म्हणाले. "माणसं आहेत की नुसती मशीनं ठेवलीत?"

मी म्हटलं, "माणसं कामावर जातात."

"सगळी? म्हातारीसुद्धा?"

आमचं बोलणं असंच चालायचं. चहा कडक का नाही, कोइची जेवताना बोलत का नाही, मी कुंकू का लावत नाही. मीही काही कमी नव्हते. ते म्हणाले भात चिकट आहे, की मी म्हणायची साताऱ्याला मोकळा मिळतो. कोइची दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायचा आणि लोणचं पुढे सरकवायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांना बाग सापडली. आमच्या घरामागे पाटाच्या कडेने दहा मिनिटं चाललं की हात्तोरी-सानची पिकानची बाग लागते. पिकान म्हणजे अक्रोडाचाच भाऊबंद, अमेरिकेतला. इकडे कुणी लावत नाही. हात्तोरी-सानच्या काकांनी तिकडून कलमं आणली होती, ती आता तीनमजली उंच झालेली. पानं कडुनिंबासारखी, त्यात हिरव्या फळांचे चार-चारांचे घोस. सगळ्या पंचक्रोशीत सावली अशी तिथेच. बागेतून गेलं तर पलीकडच्या देवळाची वाट अर्धी होते, पण गावातलं कुणी जात नाही. हात्तोरी-सानला ते खपत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंचाहत्तरीचा माणूस, बायको गेलेली, मुलगा तोक्योत. गावच्या सभेत बोलला तर कुणाच्या तरी विरोधातच बोलायचा.

आणि एका सकाळी बाबा घरी आले ते चक्क हसत आले. आल्यापासून पहिल्यांदा.

"त्या अक्रोडवाल्याशी ओळख झाली," म्हणाले. "भला माणूस आहे. मला बघून हातातला कोयता तसाच घेऊन धावत आला. म्हणाला, कुरु ना."

मी चहा गाळत होते. हात थांबला.

"कुरु म्हणजे येणे. आहे माझ्या पुस्तकात." माधवने त्यांना पुण्याहून जपानीचं एक पातळसं पुस्तक आणून दिलं होतं, देवनागरीत छापलेलं. मला कधी त्यांनी एक शब्द विचारला नाही, पण ते पुस्तक कोळून प्यायले होते. "आपल्या संस्कृतात कुरु म्हणजे कर, इथे ये. शब्द लांबून येतो तेव्हा थोडा बदलायचाच. पण त्यातला ना बघ. ना आपला आहे. ये ना! तुला कळतंय का मी काय म्हणतोय ते?"

मला कळत होतं. जपानीत क्रियापदापुढे हा 'ना' लावला की त्याचा अर्थ होतो नको. कुरु ना म्हणजे येऊ नकोस. तोही साधा नव्हे; कुत्र्याला हाकलताना, दारुड्याला दटावताना वापरायचा. कोयता हातात घेऊन धावत आलेला माणूस बाबांना ये ना म्हणत नव्हता.

"आवाज जरा चढा आहे त्याचा," बाबा म्हणाले. "शेतकरी माणूस. या बांधावरून त्या बांधावर ओरडून बोलायची सवय असते."

सांगायला हवं होतं. तेव्हाच, चहा गाळता गाळता. मी नाही सांगितलं. एक कारण तुम्हाला पटेल असं आहे: कित्येक वर्षांनी त्यांचा चेहरा उजळलेला बघितला होता, तो विझवायचं जिवावर आलं. दुसरं कारण पटणार नाही, पण खरं तेच जास्त आहे. मला हसू आलं होतं. सगळ्या शाळेच्या व्याकरणाच्या चुका काढणारे सर, आणि एका अक्षराला फसले होते. ते हसू मी गिळलं आणि त्यांच्यापुढे कप ठेवला.

मग ते रोजचंच झालं. साडेपाचला निघायचे, पांदणीने एक मोठा फेरा मारायचे आणि येताना बागेत शिरायचे. हात्तोरी-सान दिसला की छत्री काखेत मारून दोन्ही हात जोडायचे, तोंडभर हसायचे. तो ओरडायचा. हे आणखी हसायचे. एक दिवस आल्या आल्या म्हणाले, "आज तर मो कुरु ना म्हणाला." पुस्तकात 'मो इचिदो' म्हणजे आणखी एकदा असं दिलं होतं. त्यावरून त्यांनी लावलेला अर्थ होता, आणखी ये ना. त्या माणसाने म्हटलं होतं, पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस.

झाडाखाली गळून पडलेली हिरवी फळं ते खिशात घालून आणत आणि खोलीच्या खिडकीत ओळीने मांडत. उन्हाने फळगळ होत होती त्या वर्षी. हात्तोरी-सानला वाटलं असणार, हा परदेशी फळं चोरतोय.

जुलैच्या मध्यावर तो आमच्या दारात आला. बाबा आंघोळीला गेले होते.

"ओकुसान," तो मला म्हणाला, म्हणजे वहिनी, पण असा म्हणाला की शिवी परवडली असती. "तुमच्या म्हाताऱ्याला सांगा. मी रोज येऊ नको म्हणतो आणि तो माझ्या तोंडावर हसतो. हात जोडून हसतो. सत्तर वर्षं मी या गावात आहे, असा माझा पाणउतारा कुणी केला नाही."

"त्यांना भाषा कळत नाही," मी म्हटलं, वाकून. "क्षमा करा."

"तुम्हाला कळते ना? मग तुम्ही सांगा."

"सांगते."

पुढच्या रविवारी मिठाईचा खोका घेऊन मी त्याच्याकडे जाऊन आले, तिथेही वाकले. ओसरीवर बसून होता, खोक्याला हात लावला नाही. या देशात नऊ वर्षं मी परकी न दिसण्यासाठी झटले होते. कचरा गावातल्या बायकांपेक्षा नीट वेगळा करत होते, गावचं गवत कापायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी विळा घेऊन हजर असायची. आणि आता रस्त्यात बायका मला बघून बोलायच्या थांबत होत्या. हे सगळं बाबांमुळे, असं मी स्वतःला सांगत होते. पण घरी येऊन त्यांना मी एक शब्द बोलले नाही. आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंस. एकेक दिवस जात होता तसं ते आणखी अवघड होत होतं.

हात्तोरी-सानने बागेच्या तोंडाशी दोरी बांधली. बाबा दोरीखालून वाकून गेले. "रानडुकरांसाठी बांधली असेल," मला म्हणाले. त्याने पाटी लावली. तिच्यावरची चार अक्षरं बाबांनी चिठ्ठीवर जशीच्या तशी उतरवून आणली, सुंदर अक्षरात, आणि मला विचारलं, "काय लिहिलंय?"

आत येण्यास मनाई, असं लिहिलं होतं. "बागेचं नाव आहे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी ती चिठ्ठी कोइचीच्या हाताला लागली. गावातली कुजबुज त्याच्या कानावर होतीच. त्याने मला अंगणात नेलं आणि विचारलं, तू त्यांना अजून सांगितलं नाहीस? मी मान हलवली. कोइची कधी आवाज चढवत नाही. त्याने एकच शब्द उच्चारला, इजिमे. शाळेत मुलं एखाद्याला एकटं गाठून छळतात, त्याला इथे तो शब्द आहे. वर्तमानपत्रांत तेव्हा रोज यायचा. मी चिडले. म्हटलं, नऊ वर्षं त्यांनी केलं त्याला तुमच्याकडे काय शब्द आहे? तो आत निघून गेला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा हात्तोरी-सानच्या ओसरीवर उभी होते. या वेळी त्याने मला बसही म्हटलं नाही. म्हणाला, पुढच्या वेळी मी पोलिसांना फोन करीन, आणि तुमच्या नवऱ्याच्या कंपनीलाही. मी गुडघ्यावर बसून, जमिनीला डोकं लागेपर्यंत वाकले. आयुष्यात देवापुढेसुद्धा तशी कधी वाकले नव्हते. घरी आले तेव्हा कान तापले होते. बाबा आणि कोइची जेवायला बसले होते.

"कुठे गेली होतीस?" बाबांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता बोलतच राहिले, त्यांना काहीतरी सांगायचं होतं. "मी विचार करत होतो, विभा. त्या सहीचा. राहायला हरकत नाही असं वाटायला लागलंय मला. तसं तुझ्या घरात माझं काय आहे? तुझा नवरा बोलत नाही, तू बोलतेस ती टोचून बोलतेस. पण त्या बागेत रोज एक माणूस मला ये ना म्हणतो. ये ही आज्ञा आहे, या हा शिष्टाचार. ये ना हे आर्जव. तुला शाळेत शिकवलंय मी. फोनवर तू मला काय म्हणालीस? राहायचं असेल तर राहा. या सबंध देशात मला ना लावून बोलणारा तो एकटा आहे."

मी उभीच होते. त्याच माणसापुढे डोकं टेकून आले होते, आणि हे मला त्याच्यावरून शिकवत होते.

"तो ये ना म्हणत नाही," मी म्हटलं. "येऊ नको म्हणतो. जपानीत ना म्हणजे नको. मो कुरु ना म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नकोस. रोज हाकलतोय तो तुम्हाला, कुत्र्यासारखं. दोरी तुमच्यासाठी बांधलीय. पाटी तुमच्यासाठी लावलीय. आणि तुम्ही त्याला हात जोडून हसता. गाव हसतंय."

बोलून झालं तेव्हा काय बरं वाटलं मला. ते बरं वाटणं किती टिकलं म्हणाल तर त्यांनी हातातला घास ताटात ठेवीपर्यंत.

"तुला कधी कळलं?" बाबांनी विचारलं. शाळेत कॉपी पकडल्यावर विचारायचे त्याच शांत आवाजात.

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवशी," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी." त्यांनी मान हलवली. "म्हणजे जून. पाटीवर बागेचं नाव आहे म्हणालीस तेव्हाही."

"तुम्ही माझी पत्रं फोडलीसुद्धा नाहीत."

"फोडली होती," बाबा म्हणाले. "सगळी वाचली. शुद्धलेखन बिघडत चाललं होतं तुझं." आणि उठून हात धुवायला गेले. कोइचीने मला विचारलं, काय झालं, काय सांगितलंस? मी ताटं उचलायला लागले.

सकाळी ते रोजच्या वेळेला निघाले. इस्त्रीचा सदरा, केस चोपून बसवलेले. छत्री नेली नाही. मी चपला अडकवून मागे गेले, त्यांनी वळून बघितलं नाही. बागेच्या तोंडाशी दोरीच्या अलीकडे ते उभे राहिले. हात्तोरी-सान आत गवत कापत होता. बघून आला, कोयता घेऊनच. आज हा हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो ओरडला नाही.

बाबा म्हणाले, मराठीतच, "माझी चूक झाली. मी भाषेचा मास्तर, मला वाटलं तुम्ही बोलावताय. माझी बायको जानेवारीत गेली, तेव्हापासून मला कुणी ये म्हटलं नव्हतं, म्हणून मी ऐकलं ते मला हवं तसं ऐकलं. तुम्हाला त्रास झाला." मग मला म्हणाले, "सांग त्याला."

हात्तोरी-सान माझ्याकडे बघत होता. माझं जपानी चांगलं आहे. पुण्यात मी त्या भाषेत पहिली आले होते, त्याच भाषेपायी माझं लग्न झालं. त्या चार वाक्यांतला एकही शब्द अवघड नव्हता. पण या माणसापुढे, या ओठ दुमडून उभ्या असलेल्या माणसापुढे बाबांना आणखी उघडं करायचं मला जमेना. की त्यांचं एवढं मोठं मन त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नव्हतं? खरं तर लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "क्षमा करा, ते पुन्हा येणार नाहीत."

"समजलं असेल तर ठीक," हात्तोरी-सान म्हणाला आणि गवताकडे वळला.

"सगळं सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"माझं बोलणं मोठं होतं," ते म्हणाले. "तुझं फार लहान झालं." आणि पाटाच्या कडेने घराकडे चालू लागले. मी दहा पावलं मागे. त्या वाटेवर आम्ही दोघं एकत्र चाललो ते तेवढंच.

सहीचा कागद त्यांनी मला परत दिला, कोरा. अठ्ठावीस तारखेचं विमान मिळालं. माधवने फोनवर विचारलं, एकाएकी काय झालं, तर मी म्हटलं त्यांना इथलं ऊन मानवत नाही. मधल्या दिवसांत बाबा फिरायला गेले नाहीत. सकाळी उठून खोलीत बसून राहत. चहाला नावं ठेवली नाहीत. भात मुकाट्याने खाल्ला. कोइचीशी मात्र बोलायला लागले, पुस्तकात बघून एकेक शब्द. ओहायो, म्हणजे सुप्रभात. ओइशी, म्हणजे चवदार. मला काही विचारलं नाही, आणि मी चुकीचं सांगेन म्हणूनच विचारलं नाही, हे मला कळत होतं.

निघायच्या दिवशी कोइची गाडी काढायला पुढे गेला. बाबा दाराशी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या मानेवरची हाडं वर आली होती. साताऱ्याच्या त्या घरात संध्याकाळी दिवा लावायलाही कुणी नसणार, हे मला तेव्हा डोळ्यांपुढे दिसलं. नऊ वर्षं घट्ट धरून ठेवलेलं सगळं सोडून मी त्यांच्याशेजारी बसले.

"बाबा," मी म्हटलं, "राहा ना."

त्यांनी नाडीची गाठ पुरी केली. मग मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. खरोखरच ठाऊक करून घ्यायचं होतं त्यांना.

"कुठल्या भाषेत म्हणतेस?"

मराठीत, एवढंच म्हणायचं होतं. पण ते असे बघत असताना मला त्या क्षणी माझीच खात्री वाटेना. दोन महिने मी या माणसाला रोज सकाळी त्या कोयत्यापुढे जाऊ दिलं होतं आणि परत आल्यावर चहा दिला होता. ज्या मुलीने ते केलं तिला ते निघून जायला हवे होते; ती मीच होते, आणि आता राहा ना म्हणत होती तीही मीच होते. बाबांनी पुरेशी वाट बघितली.

"बरं," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. बाहेर कोइचीने गाडीचं दार उघडून धरलं होतं. मी त्यांची बॅग उचलली आणि डिकीत नेऊन ठेवली.